दूध उतू जाताना मन कुठे असतं?

सकाळी सव्वासहाला मी गॅसपाशी उभा असतो. काम एकच, दूध उतू जाऊ द्यायचं नाही. हातात मोबाइल नाही, रेडिओ बंद, घरातले सगळे झोपलेले. नजर पातेल्यावर. कडेने बारीक बुडबुडे धरू लागतात, मधली साय सुरकुतते, आणि त्यापुढचं मला आठवत नाही. थेट चर्र आवाज येतो, करपल्याचा वास येतो आणि दूध बर्नरवरून ओट्यावर ओघळलेलं असतं. डोळे उघडे होते आणि पातेल्यावरच होते. मी मात्र आदल्या संध्याकाळी भावाशी फोनवर झालेल्या बोलाचालीत होतो आणि त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर जुळवत होतो.

दुधाचं कोडं सोपं आहे. दूध तापलं की प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर साय धरते. खालून येणारी वाफ तिच्याखाली अडकते आणि साय उचलली जाते. मग काही सेकंदांचाच खेळ उरतो. पाण्यावर असा पडदा नसतो, म्हणून पाणी नुसतं उकळत राहतं. मनाचं कोडं मात्र इतक्या सहज सुटलं नाही, आणि त्याचा एक मोठा धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो दुसरंच काही शोधत असताना.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी पेट स्कॅनवर काम करत होते. माणसाला यंत्रात झोपवायचं, काही शब्द वाचायला किंवा चित्रं बघायला द्यायची आणि मेंदूचा कोणता भाग जास्त काम करतो ते नोंदवायचं. तुलनेसाठी मध्ये विश्रांती असे : काहीही करू नका, नुसते पडून राहा. आता विश्रांती म्हणजे मेंदू निवांत असायला हवा. प्रत्यक्षात मेंदूचे काही ठरावीक भाग विश्रांतीतच जास्त गजबजलेले दिसत आणि काम सुरू झालं की शांत होत. हे एकदा-दोनदा नाही, पुन्हा पुन्हा दिसलं. २००१ साली रेकल यांनी मेंदूच्या या मूळ स्थितीला ‘डीफॉल्ट मोड’ असं नाव दिलं. त्या भागांच्या साखळीला आज डीफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात.

खर्चाचा हिशेबही चक्रावून टाकणारा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. एखादं अवघड गणित सोडवायला घेतलं तरी या खर्चात सहसा ५ टक्क्यांचीसुद्धा भर पडत नाही. म्हणजे आपण ज्याला ‘डोकं चालवणं’ म्हणतो ते सुरू होण्याआधीही डोकं जवळपास तितकंच चालू असतं. आणि हातात फारसं काम नसलं की झालेलं उगाळणं, होणार असलेलं रंगवणं, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील याचा अंदाज बांधणं यात ही साखळी गुंतते. याला दोष म्हणणं मला पटत नाही. पेरणीच्या आधी कापणीचा विचार करता येतो तो याच देणगीमुळे.

पण या देणगीची किंमत मोजावी लागते. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढांच्या फोनवर दिवसभरात अवचित प्रश्न यायचे : आत्ता कसं वाटतंय? काय करताय? आणि जे करताय त्याखेरीज दुसऱ्याच कशाचा विचार चाललाय का? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. ज्या क्षणी ते भरकटलेलं होतं, त्या क्षणी माणसं कमी आनंदी होती. मन गोड कल्पनेत रमलेलं असलं, तरी हातातल्या कामात असलेल्या माणसापेक्षा ती काही जास्त सुखी नव्हती. काय करताय यापेक्षा मन तिथे आहे की नाही, यावरून त्यांच्या आनंदाचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता. आपण सुखासाठी कामं बदलायला धावतो, हे आठवलं की हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

मग मनाला बांधून ठेवायचं का? ध्यान म्हणजे मन कोरं करणं, असं समजून जे बसतात त्यांची पहिल्या पाच मिनिटांतच निराशा होते. ‘मला नाही जमत, फार विचार येतात’ म्हणून ते उठतात. इथे आपल्या भाषेकडे बघावंसं वाटतं. आपण म्हणतो भान सुटलं, भान हरपलं, भानावर ये. भान जातं आणि भानावर परत येता येतं, ही ये-जा आपल्या बोलण्यातच गृहीत धरलेली आहे. प्रयोगशाळेतही नेमकं हेच दिसलं.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. ध्यानाचा सराव असलेले १४ जण एफएमआरआय यंत्रात २० मिनिटं श्वासाकडे लक्ष देत पडून राहिले. सूचना इतकीच होती की मन भरकटल्याचं लक्षात आलं की हातातलं बटण दाबा आणि श्वासाकडे परत या. बटण दाबलं तो क्षण भानावर येण्याचा. त्याच्या मागचे-पुढचे काही सेकंद तपासल्यावर एक चक्र दिसलं. बटणाच्या आधी डीफॉल्ट मोडची गजबज. बटणाच्या क्षणी मेंदूतलं दुसरं एक जाळं जागं होतं, आत्ता दखल घेण्याजोगं काय घडलंय ते हेरणारं. मग कपाळामागचे, लक्ष वळवण्याचं काम करणारे भाग पुढे येतात आणि लक्ष श्वासावर आणतात. ते काही काळ तिथे टिकतं आणि पुन्हा भरकट सुरू.

ही सगळी सरावातली माणसं होती, तरी त्यांची बटणं पुन्हा पुन्हा दाबली जात होती. मला या प्रयोगातलं हेच सर्वात मोठं वाटतं. गाणं शिकणारा पहाटे षड्ज लावतो. सूर हलतो, कान तंबोऱ्याकडे जातो, सूर जागेवर येतो, पुन्हा हलतो. सूर हलला म्हणून रियाज फुकट गेला असं कुठलाही गुरू म्हणत नाही. हललेला कळला आणि परत आणला, तोच रियाज.

टोरोंटो विद्यापीठातल्या नॉर्मन फार्ब यांच्या २००७ सालच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. स्वतःला अनुभवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक कहाणीची : मी असा, माझं असं झालं, पुढे माझं काय होणार. दुसरी थेट संवेदनेची : पाय जमिनीवर टेकलेत, छातीत धडधड आहे, हवा गार आहे. सराव नसलेल्यांच्या मेंदूत या दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या होत्या. आठ आठवडे सजगतेचा, म्हणजे आत्ताच्या अनुभवाकडे लक्ष देण्याचा, सराव केलेल्यांना मात्र कहाणी बाजूला ठेवून नुसत्या संवेदनेपाशी थांबणं जमत होतं, आणि मेंदूच्या नोंदींतही तसा फरक होता. गॅसपाशी उभं असताना मी कहाणीत होतो, एवढंच.

हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. शिक्षणाने ते रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. जुनाट दुखण्यांचे, औषधोपचारांनी पुरेसा आराम न पडलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यातला एक पाठ बेदाण्याचा आहे. तासगावचा बेदाणा अनेक घरांत असतो, आजच करून बघा. एकच घ्या. तळहातावर ठेवा, उजेडाकडे धरून सुरकुत्या बघा. कानाशी नेऊन बोटांत चुरा, बारीक आवाज येतो. वास घ्या, तोंडाला पाणी सुटतं ते जाणवू द्या. जिभेवर ठेवा, पण चावू नका. मग एकदाच चावा आणि गोडी कुठल्या बाजूने पसरते ते बघा. आपण मूठभर बेदाणे गप्पा मारता मारता संपवतो आणि चव विचारली तर ‘गोड’ यापलीकडे सांगता येत नाही.

आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ही पद्धत ब्रह्मदेशातून भारतात परत आणली. मौनातले दहा दिवस अनेकांना बदलून टाकतात, पण खरी अडचण अकराव्या दिवशी, कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसल्यावर सुरू होते. गंमत अशी की सजगतेचा विचार ज्या पाली ‘सतिपट्ठान सुत्ता’त आला आहे, तिथे आसनावर बसण्यासोबत चालणं, वळून बघणं, हात दुमडणं, वस्त्र पांघरणं, खाणं, पिणं, बोलणं, गप्प राहणं, अगदी शौचाला जाणंही सजगतेच्या यादीत आहे. दिवसातला एकही कोपरा त्यात सुटलेला नाही.

इथे एक फरक जपायला हवा. तेरचे संत गोरा कुंभार चिखल तुडवताना नामात इतके रंगले की पायाखाली आलेलं रांगतं मूल त्यांना कळलं नाही, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. भक्तीच्या अंगाने तिचा अर्थ खोल आहे. पण रोजच्या जगण्यातली सजगता म्हणजे अशी तल्लीनता नव्हे. ती माझ्या आजीच्या दळणासारखी आहे. ओठांवर ओवी, एक हात खुंट्यावर, दुसरा मूठमूठ जोंधळे जात्याच्या तोंडात सोडतोय. जातं रिकामं फिरू लागलं की घरघर बदलायची आणि आजीचा हात ओवी न तोडता सुपाकडे वळायचा. गाणं, हात, कान, सगळं एकाच जागी.

फ्लोरिडा राज्य विद्यापीठात २०१५ साली असाच एक प्रयोग भांडी घासण्यावर झाला. ५१ विद्यार्थ्यांपैकी काहींना साबणाचा वास, पाण्याची ऊब, बशीचा स्पर्श यांकडे लक्ष द्यायला सुचवणारा उतारा वाचायला दिला, बाकीच्यांना भांडी कशी घासावीत याचं साधं वर्णन. मग सगळ्यांनी भांडी घासली. पहिल्या गटात अस्वस्थता २७ टक्क्यांनी कमी झाली, मनाची उमेद २५ टक्क्यांनी वाढली. घासायला लागलेला वेळही त्यांना होता त्यापेक्षा जास्त वाटला. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत.

इमले बांधणाऱ्यांबद्दल मला खरंच काळजी वाटते. ‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते’ हे वाक्य जाहिरातींत सर्रास दिसतं. २०११ सालच्या ज्या अभ्यासाचा त्यासाठी दाखला देतात, त्यात सराव करणारे सोळाच जण होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दोनशेहून अधिक लोकांवर काटेकोर तपासणी केली, तेव्हा २०२२ साली असा रचनात्मक बदल आढळला नाही. ब्रिटनमधल्या ८०हून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांच्या अभ्यासात काही शाळांत सजगता शिकवून पाहिली, तर नेहमीच्या शिकवणीपेक्षा मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

दुसऱ्या बाजूला, चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या प्रचलित गोळीच्या तोडीचा ठरला. पण तिथे आठवड्याचा वर्ग होता आणि रोज पाऊण तासाचा सराव सांगितलेला होता. त्यावरून कुणी आपली गोळी आपणच बंद करू नये. मोठा मानसिक आघात सोसलेल्या काहींना डोळे मिटून आत बघताना त्रास वाढतो, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं.

मी स्वतः सध्या एकच गोष्ट धरली आहे, दाराचं कुलूप. पूर्वी जिना उतरून रस्त्यावर आलो की शंका यायची, लावलं का? हात सवयीने काम उरकायचे, लक्ष नसायचं, त्यामुळे आठवणीत काही उरायचं नाही. आता कडी सरकवताना तिचा गारवा हाताला लागू देतो. किल्ली फिरताना मध्ये किंचित अडते, मग खट्. कुलूप एकदा ओढून बघतो. पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस हे सगळं करायचं विसरलो आणि खाली गेल्यावर आठवलं. आज सकाळी आठवण राहिली. कडी, किल्ली, खट्. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मन पुन्हा भावाच्या फोनकडे गेलं. कुलूप लागलंय, हे मात्र ठाऊक होतं.