खिरापत : पाच ‘ख’कारांचा प्रसाद

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाची मूर्ती घरी आली की मोदकांचे कौतुक होते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु मोदक हा त्या दिवसाचा मानकरी. अनंत चतुर्दशीपर्यंत सकाळ-सायंकाळच्या आरतीनंतर भक्तांच्या तळहातावर पडते ती खिरापत. ती दहा दिवस टिकावी, आयत्या वेळी आलेल्यासही पुरावी आणि वाटताना ताट-वाटीचे अवडंबर नसावे. या तिन्ही गरजा पंचखाद्य भागविते.

खोबरे, खारीक, खसखस आणि खडीसाखर हे चार ‘ख’कार बहुतेक घरी सारखेच. पाचव्याविषयी मात्र पाठभेद आहे. कोणी खिसमिस घालतात, कोणी बदाम. ग्रंथांतील पाठभेदांवर पंडितांनी खुशाल वाद घालावा. येथे ज्या घरचा जो पाठ, तोच त्या घरी प्रमाण.

या कृतीचे खरे मर्म एका नियमात आहे. नैवेद्य दाखविण्यापूर्वी पदार्थाची चव पाहावयाची नाही. जीभ अशी बाजूला ठेविली की करणाऱ्याने नाक, कान आणि डोळे यांवरच विसंबावे लागते, आणि त्यासाठी चित्त कढईपाशी एकाग्र असावे लागते. पूजेत तरी याहून वेगळे काय अपेक्षित आहे?

दोन वाट्या किसलेले सुके खोबरे मंद आचेवर बदामी होईतो परतावे. पाव वाटी खसखस वेगळी भाजावी. तिचा खमंग वास सुटताच कढई उतरवावी, कारण ती क्षणात करपते. बिया काढलेली खारीक कोरडीच भाजून, खुटखुटीत झाल्यावर कुटावी. तिची पूड एक वाटी घ्यावी. अर्धी वाटी बदाम भाजून भरड करावे. हे सर्व पूर्ण निवाल्यावरच एकत्र करून त्यात अर्धी वाटी खडीसाखरेचे बारीक खडे आणि पाच-सहा वेलदोड्यांची पूड मिसळावी. गरम असता डबा लावला, तर आत वाफ धरते आणि भाद्रपदाच्या दमट हवेत खोबरे लवकर खवट होते. दहा दिवसांच्या प्रसादाचे सारे भवितव्य या निववण्याच्या धीरावर आहे.

हल्ली तयार खिरापतीची पाकिटे मिळतात. ज्या घरी वार्धक्य वा आजारपण आहे, तेथे त्यांना नावे ठेवू नयेत. परंतु जेथे हात धड आहेत, तेथे एक तासाची ही सेवाही विकत आणली, तर पुढच्या पिढीस ‘खमंग’ म्हणजे नेमके कोणत्या क्षणाचा वास, हे कोण शिकविणार? तो क्षण पाकिटावर छापता येत नाही.

परदेशी असलेल्या मुलांना खिरापत धाडणाऱ्यांनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. तेथे जाणाऱ्या डब्यात खसखशीऐवजी भाजलेले तीळ घालावे. एक ‘ख’कार उणा झाला, म्हणून विघ्नहर्ता रुसत नाही.

आणि वाटताना हात आखडू नये. पथ्य असणाऱ्यास कणभर, दात नसलेल्या वृद्धास बारीक कुटून, दारी आलेल्या कामकऱ्यास घरच्यांइतकीच. ‘प्रसाद’ या शब्दाचा एक अर्थ मनाची प्रसन्नता असा आहे. ती घेणाऱ्याच्या मुखावर दिसली, की नैवेद्य पावला असे समजावे.