एक माळ, किती आकार?

एका शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष. एका अर्थाला अनेक शब्द मिळाले की पर्याय. पाण्याला जल म्हणा, नीर म्हणा, उदक म्हणा. तहान तीच भागते! हाच खेळ आपल्या शरीरातही चालतो असे म्हटले, तर वाचक म्हणतील, मराठीच्या मास्तरांनी विज्ञानाच्या वर्गात कशाला डोकवावे? पण क्षणभर ऐका तर खरे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. ती पाण्यात आपोआप गुंडाळली जाते, आणि आकार बिघडला की तिचे कामही बिघडते. रायबोन्युक्लिएज या १२४ मण्यांच्या प्रथिनाची घडी पूर्ण मोडली तरी ते पुन्हा मूळ आकार घेते, हे ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी दाखवले; १९७२ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे आकाराची आज्ञा मण्यांच्या क्रमातच लिहिलेली! ती वाचायची कशी?

केन डिल यांनी १९८५ साली युक्ती काढली. मणी दोनच प्रकारचे मानायचे: पाण्याला भिणारे आणि पाण्यात रमणारे. माळ चौकटींच्या जाळीवर मांडायची. माळेत लगतचे नसलेले दोन भित्रे मणी शेजारी आले की एक गुण. सर्वाधिक गुणांची मांडणी हाच खरा आकार.

१९९५ साली या खेळाची परीक्षा झाली. हार्वर्डच्या गटाने ४८ मण्यांचे दहा आकार मनात धरून त्यांना साजेशा माळा रचल्या आणि फक्त माळा सॅन फ्रान्सिस्कोला डिल यांच्या गटाकडे धाडल्या. दहापैकी नऊ माळांना योजलेल्याहून सरस आकार सापडले! शिवाय प्रत्येक माळेला सारख्याच गुणांचे हजारो, कधी लाखो आकार. श्लेषाचा नुसता महापूर!

१९९६ साली हाओ ली, हेलिंग, तांग आणि विंग्रीन यांनी नियम बदलले. २७ मण्यांची माळ, आकार फक्त ३×३×३ च्या भरीव घनाचे, असे ५१,७०४. भित्र्या जोडीला २.३ गुण, मिश्र जोडीला १. एकूण माळा १३,४२,१७,७२८, त्यांतल्या ४.७५ टक्के माळांना एकच निश्चित आकार मिळाला. सारखी वाटणी झाली असती तर प्रत्येक आकाराच्या वाट्याला सुमारे १२३ माळा आल्या असत्या. पण एका भाग्यवान आकाराला ३,७९४ माळा लाभल्या, तर काहींना एकही नाही! लाडके आकार सुबक, नियमबद्ध. एखादा मणी बदलला तरी बहुधा न ढळणारे.

दोन्ही खेळांचे नियम वेगळे, म्हणून एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवता येत नाही. पहिल्याने एवढे शिकवले की दोन अक्षरांच्या लिपीत आणि इतक्या ढोबळ गुणांत संदिग्धता फार. दुसऱ्याने सुचवले की निसर्गालाही काही मोजके आकारच का प्रिय असावेत. २०२० साली आल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने खऱ्या माळांचे आकार अचूकपणे वर्तवून दाखवले. पण अर्थ सांगणारा शब्दकोश हाती आला, म्हणून व्याकरण मिटून ठेवायचे नसते. अर्थ तसाच का, हे विचारणारा विद्यार्थी वर्गात हवाच!