‘आता या वयात कशाला?’

पंच्याहत्तरीच्या माणसाच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आता या वयात कशाला ती चिरफाड?’ बोलणारे मुलगा, जावई, शेजारचे काका. ज्यांच्या पोटात गाठ आहे त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. माया असते, नाही असं नाही. पण ‘चिरफाड’ हा एकच उपचार आहे, हे यांना सांगितलं कुणी?

बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९मध्ये मांडलेली लिव्हर कॅन्सरची ‘बीसीएलसी’ वर्गवारी आज जगभर वापरली जाते. गाठी किती, केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्यात का, उरलेलं लिव्हर कसं चालतंय आणि माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, एवढं त्यात पाहतात. वयाचा रकाना त्यात नाहीच! लिव्हरची ताकद बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि भ्रम यांवरून ठरते. आधार कार्डावरच्या जन्मतारखेवरून नाही.

गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असेल तर सोनोग्राफीत बघत बघत त्वचेतून सुई थेट गाठीत नेतात आणि सुईच्या टोकाच्या उष्णतेने गाठ जाळतात. पोट उघडत नाहीत. बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. आजार पुढे गेला असेल तर इम्युनोथेरपी आहे. अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी २०२०मध्ये ज्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाली, तिथेही वयाला वरची मर्यादा नव्हती. प्रत्यारोपणात मात्र वय आड येतं. आणि लिव्हर पार थकलंय, माणूस दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर आहे, तर वेदना कमी ठेवणं हाच योग्य उपचार. हे चाळिशीच्या रुग्णालाही लागू.

घरातला आणखी एक प्रश्न: ‘दारूला कधी शिवले नाहीत, मग कसं झालं?’ हेपटायटिस बी, सी, मधुमेह, फॅटी लिव्हर यांनीही हा कॅन्सर होतो. सीचा विषाणू सापडला १९८९मध्ये. त्याआधी ऑपरेशनच्या वेळी चढवलेलं रक्त त्यासाठी तपासलेलं असणं शक्यच नव्हतं. ‘बायोप्सीची सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा धोका शेकड्याला दोन-तीन जणांपुरता. शिवाय सिऱ्हॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) असेल तर निदान बहुधा सीटी स्कॅनवरच होतं, बायोप्सी लागतच नाही. ‘एएफपीची रक्ततपासणी नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही’ हेही खरं नाही. छोट्या गाठीत ती अनेकदा नॉर्मलच येते. म्हणून सिऱ्हॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते.