धीर धरायचा, पण कशाच्या जोरावर?

अमेरिकेतल्या रेडमंडची मायक्रोव्हिजन ही लिडार (लेझरने अंतर मोजणारे सेन्सर) बनवणारी छोटी कंपनी. मार्च 2020 मध्ये तिचा शेअर 20 सेंटच्याही खाली होता, एप्रिल 2021 मध्ये 26 डॉलरवर गेला आणि 2024 मध्ये पुन्हा एका डॉलरखाली आला. वैताग येणारच! पण नुसत्या भावाकडे बघून धीर धरणं काय किंवा सोडणं काय, दोन्ही चूक. बघायचं ते शेअर्सच्या संख्येकडे. कंपनी वर्षानुवर्षं तोट्यात आहे. खर्च भागवायला ती नवे शेअर विकते आणि तुमचा हिस्सा तुमच्या नकळत आक्रसतो. 2012 मध्ये तर 8 शेअर्सचा 1 केला. हिस्सा तेवढाच, भाव मात्र चढलेला दिसतो.

कुणी म्हणेल, डॉटकॉमच्या पडझडीत ॲमेझॉनचा शेअरही नव्वद टक्क्यांहून जास्त आपटला होता. खरंय. पण त्याच काळात ॲमेझॉनची विक्री 1999 मधल्या 164 कोटी डॉलरवरून 2001 मध्ये 312 कोटींवर पोचली. वाट बघणाऱ्याच्या हातात पुरावा होता. म्हणून दर तिमाहीला विक्री, शिल्लक रोकड आणि एकूण शेअर्स तपासा. रोकड वर्षभरापुरतीच उरली असेल, तर नवे शेअर येणार हे आधीच धरून चाला.