रोजकीर्द आणि खतावणी : रुग्णनोंदींच्या साठवणीविषयी

संगणक विभागासाठी एकाऐवजी अनेक डिस्क कशाला लागतात, असा प्रश्न देणगीदार व विश्वस्त वेळोवेळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. सर्व नोंदी एका मोठ्या डिस्कवर सहज मावतात. उत्तर मात्र आपल्या जुन्या हिशेबपद्धतीतच सापडते.

व्यापारी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो व मग खतावणीत चढवितो. खतावणी नष्ट झाली, तरी मागील शिल्लक व रोजकीर्द यांवरून ती पुन्हा उभी करता येते. ऑरॅकल असो वा पोस्टग्रेस, डेटाबेसही असाच चालतो. रुग्णाच्या औषधातील बदल प्रथम ‘लॉग’मध्ये पक्का होतो, नंतर मुख्य फायलींत उतरतो. मुख्य फायलींची डिस्क निकामी झाल्यास रात्रीची प्रत परत आणून तिच्यावर त्यानंतरचा लॉग चढवितात. सकाळी दिलेल्या इंजेक्शनची नोंदही त्यामुळे परत मिळते. परंतु फायली, लॉग आणि प्रत ही तिन्ही एकाच डिस्कवर असतील, तर तिन्ही एकदमच जातात.

येथे दोन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. एकाच डिस्कचे दोन भाग पाडणे म्हणजे एका खोलीत पडदा लावून दोन घरे झाली असे मानणे होय. डिस्क प्रत्यक्षात वेगळ्या हव्यात. दुसरे असे की, संगणक सुरू होताना एखादी डिस्क जोडली न गेल्यास तिच्या नावाची रिकामी डिरेक्टरी मूळ डिस्कवर तशीच दिसते आणि नोंदी चुकीच्या जागी जाण्याचा धोका असतो. म्हणून वेगळ्या डिस्कच्या आत आणखी एक डिरेक्टरी करून तीच डेटाबेसच्या ताब्यात देतात. डिस्क नसेल, तर ती डिरेक्टरी सापडत नाही, डेटाबेस सुरू होत नाही आणि चूक तत्काळ ध्यानात येते.

वेगळ्या डिस्क यंत्राच्या बिघाडापासून वाचवितात, पुरापासून नव्हे. सप्टेंबर २००८ व ऑगस्ट २०१६ मधील गोदावरीचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. एका खोलीतील सर्व डिस्क एकाच पाण्यात भिजतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी आणि ती खरोखर परत उभी राहते का, हे अधूनमधून पडताळून पाहावे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात व मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. मध्यरात्री बेशुद्धावस्थेत आलेल्या रुग्णाला कोणते औषध चालत नाही, हे सांगणारी नोंद तर क्षणात हवी असते. डिस्कवरील खर्च हा त्या क्षणासाठी आहे.