बिनपगारी पंच : ज्ञानकोशाच्या अनुदान समितीविषयी

मंडळी, यंदाच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी दवाखान्यात येऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, विकिपीडिया फुकट वाचायला मिळतो. लिहिणारेही फुकट लिहितात म्हणता. मग अनुदान कोणाला आणि कशाचे?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर देता देता अनुदान समिती म्हणजे काय, तिच्यावर पगाराविना काम करणारे लोक नेमके काय करतात आणि त्यात आपल्यासारख्यांचा काय उपयोग, हे सांगून होईल.

ज्ञानाच्या कामाला पैसा लागतो हे मराठी माणसाला नवीन नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात तिचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवला गेला आणि १८५१ साली पुण्यात दक्षिणा प्राइझ कमिटी आली. ग्रंथ कमिटीपुढे ठेवायचा, तिने तो तपासून बक्षीस ठरवायचे. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी वेगळी वाट धरली. नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. त्या सगळ्या खटपटीची हकिगत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात लिहून ठेवली. ज्ञानकोशकाराने ज्ञानाइतकीच ते उभे करण्याच्या व्यवहाराची नोंद ठेवावी, याचे मला फार कौतुक वाटते. त्यानंतरचा मराठी विश्वकोश सरकारी तिजोरीतून झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून तो चालवला आणि १९७६ साली पहिला खंड निघाला.

आमच्या जैनांत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शास्त्रदान म्हणजे ग्रंथाच्या प्रती उतरवून वाटणे. दहाव्या शतकात कर्नाटकातल्या अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून दिल्या, अशी कथा आहे. तिथे दाता एक होता आणि कोणता ग्रंथ उतरवायचा हे त्यानेच ठरवले. कंपनीत भागीदार ठरवतात, सरकारात खाते ठरवते. पण लाखो वाचकांनी थोडे थोडे पैसे दिले आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नसली, तर ठरवायचे कोणी? आजचा विषय इथून सुरू होतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. त्याच वर्षी अमेरिकेत विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ती जाहिरात घेत नाही, मुख्यतः वाचकांच्या देणग्यांवर चालते. पैशाचा मोठा भाग संगणक-यंत्रणा आणि ती चालवणारे पगारी लोक यांवर जातो. एक भाग निरनिराळ्या भाषांत काम करणाऱ्या मंडळींना अनुदान म्हणून मिळतो. लेख लिहिण्याची मजुरी म्हणून हे पैसे सहसा देत नाहीत. कार्यशाळेचे भाडे, जेवण, प्रवास, पुस्तके स्कॅन करण्याचे यंत्र, एखाद्या भागातल्या मंदिरांची वा पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याची मोहीम, एखादे लहानसे संगणकीय साधन, अशा खर्चासाठी ते असतात. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने अशाच अनुदानावर मराठी, तेलुगू, कन्नड, कोकणी आणि ओडिया भाषांसाठी बरीच वर्षे काम केले.

पैसे वाटण्याच्या कामात संपादकांनाच बसवावे असे ठरत गेले. २०१२ साली मोठ्या संस्थांच्या वार्षिक अनुदानासाठी स्वयंसेवकांची समिती झाली. २०१३ साली एकेकट्या माणसाने किंवा लहान गटाने मागितलेल्या अनुदानासाठी दुसरी झाली. २०२१ पासून जगाचे विभाग पाडून प्रत्येकाची प्रादेशिक समिती केली. भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका हे दक्षिण आशियाच्या समितीत येतात. अर्ज सगळ्या जगाला दिसेल असा मांडलेला असतो, खाली चर्चापान असते आणि समितीवर नसलेला माणूसही तिथे प्रश्न विचारू शकतो. काम संपल्यावर काय झाले याचा अहवालही तसाच उघड. मी समितीवर नाही. २०२० च्या टाळेबंदीत दवाखाना ओस पडला तेव्हा मराठी विकिपीडियावर लिहू लागलो आणि पुढे अर्जांवर मत नोंदवण्याची सवय लागली, एवढाच माझा अधिकार.

अर्ज वाचायचा म्हणजे काय, हे एक उदाहरण कल्पून सांगतो. समजा, सीमाभागातल्या जुन्या वाचनालयांतली दोनशे मराठी पुस्तके स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर ठेवायची, असा अर्ज आला. विकिस्रोत म्हणजे याच कुटुंबातले ग्रंथालय. अर्जाखाली पंधरा जणांनी 'स्तुत्य उपक्रम, पाठिंबा' असे लिहिलेले असते. ते वाचून पुढे जायचे. पहिला प्रश्न स्वामित्वहक्काचा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. लेखक १९७० साली वारला असेल तर पुस्तक १ जानेवारी २०३१ ला मोकळे होईल, आधी नाही. पुस्तक पिवळे पडले आणि पाने तुटू लागली म्हणून ते कायद्याने जुने होत नाही. मग विचारायचे, यांतली किती पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर आधीच आहेत? वाचनालयाच्या चालकांचे संमतिपत्र जोडले आहे का? शिवण उसवलेले पुस्तक सपाट काचेवर पालथे दाबणार, की वरून कॅमेरा लावणार?

आणि खरा प्रश्न याच्यापुढे आहे. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे संगणक ओळखतो, पण जुन्या छपाईत चुका करतो. म्हणून प्रत्येक पान एकाने मूळ पानाशी ताडून सुधारायचे आणि दुसऱ्याने पुन्हा तपासायचे असते. पहिल्या वाचनानंतर पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्यानंतर हिरवी. दोनशे पुस्तके, सरासरी दोनशे पाने, म्हणजे चाळीस हजार पाने झाली. अर्जदाराजवळ वाचणारे पाच जण. प्रत्येकाने रोज न चुकता दहा पाने केली तर नुसत्या पहिल्या वाचनाला आठशे दिवस लागतील. अनुदान एका वर्षाचे. हा गुणाकार अर्जदाराने केलेला नसतो, कारण त्याला पुस्तकांचा जिव्हाळा असतो. वाचणाऱ्याने तो करायचा आणि अर्जदाराला न दुखावता लिहायचे, "वीस पुस्तकांचा अर्ज करा. चार हजार पाने, दोन्ही वाचने मिळून एकशेसाठ दिवस. यंत्र तेच लागेल, अहवाल खरा लिहिता येईल." माझ्या मते समितीच्या कामाचा मोठा भाग हा असा गुणाकार करण्याचा आहे. होकार-नकार देणे त्यामानाने थोडक्यात उरकते.

काही प्रश्न मात्र गुणाकारातून सुटत नाहीत, त्यांना माती माहीत असावी लागते. आपल्याच जिल्ह्यात नारनूर मंडलातले गुंजाळा गाव घ्या. २००६ साली हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमलराव यांच्या चमूला तिथे गोंडी भाषेच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते मिळाली. २०१८ साली ती लिपी युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता ती संगणकावर लिहिता येते. समजा, अशा घरगुती पोथ्यांची छायाचित्रे काढण्याचा अर्ज आला. दूर देशातला सदस्य अंदाजपत्रक उत्तम तपासेल. पण उटनूर, केस्लापूर पायाखालचे असलेला माणूस विचारेल की पोथी कोणाच्या घरची, घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणत्या भाषेत विचारले आणि नेमके काय विचारले? कारण विकिमीडियाचा परवाना मुक्त आहे. एकदा छायाचित्र तिथे गेले की ते कोणीही वापरू शकतो, विकण्याच्या वस्तूवर छापूही शकतो. 'तुमच्या पोथीचा फोटो काढू का' याला मिळालेला होकार आणि 'तुमच्या पोथीचे चित्र उद्या कोणाच्याही पिशवीवर येऊ शकेल' याला मिळालेला होकार, हे दोन वेगळे होकार आहेत.

आता हितसंबंधांविषयी. नियम सरळ आहे. अर्जाशी तुमचा संबंध असेल तर तो उघड सांगा आणि त्या चर्चेतून बाजूला व्हा. हा नियम मी विकिपीडियावर शिकलो नाही, चूक करून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्ती समितीवर मी होतो. माझ्या चुलतबहिणीच्या मुलाचा अर्ज आला. मी एक शब्द बोललो नाही आणि त्याबद्दल मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण मी खोलीतच बसून होतो. माझ्यासमोर कोण विरोध करणार? शिष्यवृत्ती त्याला मिळाली. ज्याची हुकली त्याचे वडील माझे जुने पेशंट होते. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त दवाखान्यात येणे बंद केले. तो मुलगा गुणाने खरोखर पुढे होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, आणि तेच मला टोचते. खोलीबाहेर गेलो असतो तर सांगता आले असते.

दुसरे उदाहरण माझ्या धंद्याचे. मी बीएचएमएस आहे, उभे आयुष्य होमिओपथीवर गेले. इंग्रजी विकिपीडियावरचा होमिओपथीचा लेख तिला छद्मविज्ञान म्हणतो. ते वाचून मला बरे वाटत नाही, हे कबूल करतो. पण त्या लेखाला मी हात लावत नाही आणि मराठीतल्याही नाही. माझी रोजीरोटी त्यावर आहे, तेव्हा मी तिथे पक्षकार आहे. आमच्या काही व्यवसायबंधूंना माझे हे वागणे पटत नाही. उद्या होमिओपथीच्या मराठी ग्रंथांसाठी अनुदानाचा अर्ज आला, तर मी एक ओळ लिहीन की मी या धंद्यातला आहे, आणि थांबेन.

कायद्याची एक अडचण थोडक्यात सांगायला हवी. परदेशी पैसा घेणाऱ्या आपल्या संस्थांना परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला वाटून देणे बंद झाले. त्यामुळे अर्ज कितीही चांगला असो, पैसे कोणत्या खात्यात आणि कोणत्या नोंदणीवर येणार हे आधी जाणत्या सनदी लेखापालाला विचारावे. आपल्या वाचनालयांची, मंडळांची या बाबतीत पंचाईतच आहे.

तरी मी हा विषय इथे का मांडतो? पेनगंगेच्या या काठावर आपण घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि जुन्या कागदात उर्दू अशी तीन दप्तरे सांभाळत आलो. समितीपुढचे अर्ज बहुतेक इंग्रजीत येतात. ज्याचे इंग्रजी सफाईदार त्याचा अर्ज देखणा दिसतो, आणि गावात खरे काम करणाऱ्याचा अर्ज चार तुटक ओळींचा असतो. त्या ओळींमागे काम आहे की नाही हे ओळखायला तीन भाषांत वावरलेला माणूस बरा. सुरुवात करायची तर आधी खाते उघडून वर्ष-सहा महिने स्वतः संपादन करावे. मग झालेल्या कामांचे चार-पाच जुने अहवाल वाचावेत, विशेषतः फसलेल्या कामांचे. त्यानंतर चर्चापानावर एखादा प्रश्न विचारावा. समितीवर जागा निघाली की ते उघड जाहीर होते. मी एका अर्जाला दोन संध्याकाळी देतो, पहिली वाचण्याची आणि दुसरी, पहिल्या दिवशी लिहिलेले मत खोडण्याची.

स्वतः अर्जदार व्हायचे झाले तर काय लागते हे पाहावे म्हणून आपल्या मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांची यादी करायला घेतली आहे. नामवंत लेखकांचे मृत्यूचे साल सहज मिळते. अडते ते निजामी काळात या भागात शिक्षकी, वकिली करता करता एखादेच पुस्तक लिहून गेलेल्यांपाशी. त्यांची नावे कोणत्याच कोशात नाहीत आणि साल कळल्याशिवाय पुस्तकाला हात लावता येत नाही. अशी नावे वेगळ्या कागदावर लिहून तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांचे, मामांचे, शेजाऱ्यांचे नाव त्यात असेल, तर जाताना त्यापुढे साल लिहून जावे, आणि ते कशावरून माहीत आहे तेही.