समजून घ्या : क्रोशाची लेस पहिल्यांदाच विणताय? ४ टाके, ३ ओळी आणि थोडे गणित

रीलमध्ये तीस सेकंदांत लेस तयार होते. आपण सुई हातात घेतली की पहिली ओळ वाकडी होते, दुसरीत टाके कमी पडतात आणि तिसरीपर्यंत अनेकांचा उत्साह संपतो. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. टाके न मोजणे, साखळी घट्ट घालणे किंवा पॅटर्नमधला शब्द चुकीचा समजणे, यांपैकी काहीतरी घडलेले असते. रुमाल, नॅपकिन किंवा ओढणीला लावता येईल अशी साधी शिंपल्यांची लेस कशी विणायची आणि तिची खरी किंमत कशी ठरते, ते पाहूया.

साहित्य काय लागते?

क्रोशाच्या सुतावर नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. ४० नंबरचे सूत २० नंबरपेक्षा बारीक आणि २० नंबरचे १० नंबरपेक्षा. नाजूक लेससाठी बारीक सूत आणि १ ते १.५ मिलिमीटरची सुई वापरतात. नवशिक्यांनी मात्र तिथून सुरुवात करू नये. थोडे जाड सुती सूत आणि २.५ मिलिमीटरची सुई घ्या. रंग फिका निवडा. काळ्या किंवा गडद निळ्या सुतात टाके दिसतच नाहीत. याशिवाय कात्री, मोजपट्टी, बोथट टोकाची जाड सुई आणि टाचण्या एवढे पुरते.

कोणते टाके यायला हवेत?

● साखळी : सुईवरच्या फासात दोरा अडकवून तो फासातून बाहेर ओढा. झाली एक साखळी.

● मुका खांब : सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्या. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा.

● खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या. मग सुई टाक्यात घालून दोरा ओढा. आता सुईवर तीन फास आहेत. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

● स्लिप स्टिच : सुई टाक्यात घाला, दोरा ओढा आणि तो थेट सुईवरच्या फासातूनही बाहेर काढा. हा टाका उंची न वाढवता दोन जागा जोडतो.

व्हिडिओतला पॅटर्न जुळत का नाही?

हा गोंधळ सर्वाधिक होतो. अमेरिकन आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये नावे सारखी, पण टाके वेगळे असतात. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’, तर ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. म्हणजे ‘डबल क्रोशे’ एवढेच वाचून विणायला बसलात, तर लेसची उंचीच बदलू शकते. ओळखायची सोपी खूण म्हणजे पॅटर्नमध्ये कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आले असेल, तर तो अमेरिकन आहे. ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

शिंपल्यांची लेस : ओळीनुसार कृती

एका शिंपल्याला ६ टाके लागतात. म्हणून सूत्र असे : शिंपल्यांची संख्या × ६, अधिक २ साखळ्या. नमुन्यासाठी ४ शिंपले धरू. म्हणजे ४ × ६ + २ = २६ साखळ्या.

ओळ १ : सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब घाला. पुढे प्रत्येक साखळीत एक. ओळ संपल्यावर मोजा, २५ मुके खांब हवेत. कमी-जास्त असतील तर इथेच उसवा. पुढे ही चूक लपत नाही.

ओळ २ : काम उलटवा. १ साखळी घ्या (ती टाका म्हणून मोजू नका). पहिल्या टाक्यात मुका खांब. आता दोन टाके सोडा, पुढच्या एकाच टाक्यात ५ खांब घाला, पुन्हा दोन टाके सोडा आणि पुढच्यात मुका खांब. झाला एक शिंपला. शेवटपर्यंत हेच. ओळीचा अखेरचा टाका मुका खांब आला, तर हिशेब बरोबर आहे.

ओळ ३ : काम उलटवून १ साखळी घ्या. पहिला मुका खांब सोडून शिंपल्याच्या पहिल्या तीन खांबांवर एकेक मुका खांब घाला. मग ३ साखळ्या घेऊन त्यांतल्या पहिल्या साखळीत स्लिप स्टिच करा; शेंड्यावर छोटा दाणा तयार होईल. उरलेल्या दोन खांबांवर एकेक मुका खांब आणि दोन शिंपल्यांच्या मधल्या टाक्यात स्लिप स्टिच. पुढचे शिंपले असेच.

नक्षी अधिक जाळीदार हवी असेल, तर दुसऱ्या ओळीत प्रत्येक दोन खांबांमध्ये १ साखळी घ्या. मात्र तिसऱ्या ओळीत त्या साखळ्या सोडून फक्त खांबांवरच टाके घाला.

किती साखळ्या घ्यायच्या?

आधी ४ शिंपल्यांचा नमुना मोजा. समजा तो १० सेंटीमीटर भरला, तर एक शिंपला अडीच सेंटीमीटरचा झाला. नॅपकिनची रुंदी ४० सेंटीमीटर असेल, तर १६ शिंपले लागतील. साखळ्या होतील १६ × ६ + २ = ९८. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल, तर हा आकडा बदलेल. म्हणूनच दुसऱ्याचा आकडा उचलू नका. चौकोनी रुमालाला चारही बाजूंनी लेस लावायची असेल, तर प्रत्येक कोपऱ्यासाठी एक शिंपला जादा धरा, नाहीतर कोपरे आत ओढले जातात.

लेस बिघडली तर?

● धनुष्यासारखी वाकते : पहिली साखळी घट्ट झाली आहे. साखळीपुरती एक आकार मोठी सुई वापरा.

● झालरीसारखी फुगते : शिंपल्यांमधले टाके सोडायचे राहिले आहेत किंवा एका टाक्यात ५ पेक्षा जास्त खांब पडले आहेत.

● कडेला अरुंद होत जाते : ओळीचा पहिला किंवा शेवटचा टाका सुटतो आहे.

कापडाला लावण्यापूर्वी कापड आणि लेस दोन्ही धुऊन वाळवा. सुती कापड आधी न धुता लेस लावली, तर पहिल्या धुण्यात कापड आटते आणि लेस चुण्या पडून उभी राहते. रंगीत सूत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते बघा. लेस ओलसर असतानाच टाचण्यांनी ताणून सपाट वाळवली, तर शिंपले उठून दिसतात. मग साध्या सुईदोऱ्याने बारीक टाक्यांनी शिवा.

दुकानातली ‘क्रोशे लेस’ हाताची असते का?

मीटरवर मिळणारी बहुतेक लेस यंत्राची असते. कारखान्यांत ‘क्रोशे मशीन’ नावाची यंत्रे आहेत, पण त्यांचे विणकाम वेगळ्या तंत्राचे असते. हाताच्या क्रोशासारखा प्रत्येक टाका पूर्ण करत पुढे जाणारे यंत्र अजून बाजारात नाही. म्हणजे खरा क्रोशा दिसला की तिथे कुणाचे तरी हात राबलेत.

याचे मोठे उदाहरण आंध्र प्रदेशातील नरसापूर आहे. तिथे १९व्या शतकात मिशनऱ्यांमुळे ही कला रुजली आणि घराघरांतल्या स्त्रियांचे उत्पन्नाचे साधन बनली. २०२४मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२च्या ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकात दाखवले होते, की जगाच्या बाजारासाठी विणणाऱ्या या स्त्रियांना ‘गृहिणी’ मानले गेले. त्यांचे श्रम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असे ठरवून मजुरी अत्यल्प ठेवली गेली.

आपल्याकडेही रुखवतातले क्रोशाचे रुमाल आणि तोरणे कौतुकाने पाहिली जातात, पण त्यांचे तास कुणी मोजत नाही. ते मोजून पाहूया. वरच्या लेसमध्ये एका शिंपल्यामागे साखळीचे ६, पहिल्या ओळीचे ६, दुसरीचे ६ आणि तिसरीचे १०, असे २८ टाके पडतात. १६ शिंपल्यांचे झाले ४४८. मिनिटाला ८ टाके धरले, तरी एका नॅपकिनच्या एका बाजूला ५६ मिनिटे. ११५ सेंटीमीटरच्या साडीच्या पदराला ४६ शिंपले, म्हणजे २ तास ४१ मिनिटे. यात उसवणे, धुणे, शिवणे धरलेले नाही.

त्यामुळे घरून ऑर्डर घेणाऱ्यांनी सुताच्या किमतीवर अंदाजे काही रुपये चढवून भाव सांगू नये. एक नमुना घड्याळ लावून विणा. सुताचा खर्च, लागलेले तास गुणिले तासाचा दर आणि शिवण्या-धुण्याचा वेळ, अशी बेरीज करूनच किंमत ठरवा. आणि विकत घेणाऱ्यांनी ‘यापेक्षा स्वस्त तर मीटरवर मिळते’ म्हणण्यापूर्वी तो एक शिंपला स्वतः विणून पाहावा.